बर्फानं आणून टाकलेलं गाव

वाशीम जिल्ह्यातल्या शाळांमधून मी नोकरीभर भूगोल शिकवला आणि ‘हिमनदीचे कार्य’ हा पाठ दरवर्षी फळ्यावर खडूनं चित्रं काढून पार पाडला. माझ्या वर्गातल्या पोरांनी बर्फ पाहिलेला तो गोळेवाल्याच्या गाडीवर, नाहीतर हरभरा झोडपून गेलेल्या गारपिटीत. मीही त्याहून जास्त काही पाहिलं नव्हतं. बर्फाची नदी डोंगर कोरत सावकाश खाली सरकते, वाटेतले दगड, गोटे, माती सोबत ओढून आणते आणि जिथं वितळते तिथं तो सगळा ऐवज टाकून देते; त्या ढिगाला हिमोढ म्हणतात, असं मी सांगायची. पोरं लिहून घ्यायची. परीक्षेत हिमोढ दोन गुणांना यायचा आणि पुढच्या जूनपर्यंत तो विषय संपायचा.

निवृत्त झाल्यावर मनात आलं, एकदा खरा हिमोढ पाहावा. घरी बोलले तर आमचे हे म्हणाले, “दगड पाहायला हिमालयात कशाला? आपल्या मालेगावच्या रस्त्यावर काय कमी आहेत?” शिवाय त्यांचे गुडघे. मुलं आपापल्या नोकऱ्यांत. बेत बारगळल्यातच जमा होता, तेवढ्यात एका रविवारी कांतावैनी बाजाराला आली आणि चहा पिता पिता तिनं तो उचलून धरला.

कांतावैनी माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यापासून मालेगावजवळची शेती तीच पाहते, मुलगा हाताखाली आहे. साठी ओलांडलेली, सडसडीत, बोलायला फटकळ. नागपूरच्या पलीकडे ती कधी गेलेली नव्हती.

“मी येतो तुह्यासंगं,” ती म्हणाली. “पेरनं झालं, सोयाबीन उगवलं. डवऱ्याचं, निंदनाचं काम पोरगं पाहीन. मले बी पाहू दे कुठं असते थे तुही बर्फाची नदी.”

माझा एक जुना विद्यार्थी हिमाचलात रस्त्याच्या कामावर होता. त्यानं लाहौलमधल्या एका खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी राहायची सोय करून दिली. भाच्यानं, म्हणजे वैनीच्या मुलानं, तिकिटं काढली. वैनीनं ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ आणि बरणीभर ठेचा बांधून घेतला, आणि जुलैच्या सुरुवातीला आम्ही दोघी अकोल्याहून दिल्लीच्या गाडीत बसलो.

बोगद्याच्या पलीकडे

मनालीपर्यंतचं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते सोडून देते. मनालीच्या वर मोठा बोगदा आहे. आत शिरलो तेव्हा बाहेर देवदार होते, धुकं होतं, रिपरिप पाऊस होता. दुसऱ्या तोंडानं बाहेर पडलो तर लख्ख ऊन, निळं आभाळ आणि झाडाचं नाव नसलेले प्रचंड डोंगर. ढग त्या डोंगरभिंतीच्या अलीकडेच अडतात.

वैनी जीपच्या खिडकीला चिकटून बसली होती. “शोभे, हे तं आपलं मे मयन्याचं रान हाये. इथं पिकते काय, आन लोकं पेतात काय?”

उत्तर द्यायला मी तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. समोर दरीपलीकडच्या कड्यावरून एक धबधबा सरळ खाली कोसळत होता. त्याच्या वर, कड्याच्या माथ्यावर, एक आख्खी दरी अधांतरी सुटल्यासारखी थांबली होती. मुख्य हिमनदी जाड, तिनं तळ खोल खरवडला. बाजूनं मिळणारी हिमनदी पातळ, तिला तेवढं खोल जाता आलं नाही. बर्फ गेला तशी ती दरी वरच लोंबकळत राहिली. किती वेळा काढलं होतं मी ते चित्र!

“थांबवा, थांबवा!” मी ओरडले. ड्रायव्हरनं कचकन ब्रेक मारला. मागच्या सीटवरच्या गृहस्थांना वाटलं, बाईंना उलटी होतेय. त्यांनी तत्परतेनं प्लॅस्टिकची पिशवी माझ्यासमोर धरली. ती हातात घेऊनच मी खाली उतरले आणि लोंबत्या दरीकडे पाहत उभी राहिले. वैनी शेजारी येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं म्हणाली, “चांगलं हाये. पन पिशवी तं देऊन टाक त्याले.”

डोलमाचं घर

आमचं गाव नदीपासून उंचावर होतं, एका लांबट, उंचवट्याच्या जमिनीवर. पंधरावीस घरं, मातीची, सपाट छपराची. छपरांवर जळण आणि चारा रचलेला. भोवती मटाराची आणि बटाट्याची हिरवीगार शेतं, आणि प्रत्येक शेताला छातीइतका दगडी बांध. एवढे दगड कुठून आले, असं विचारायची गरज नव्हती. तो उंचवटा म्हणजेच हिमोढ होता. कोणे एके काळी वरून आलेल्या बर्फानं आणून टाकलेला हा ढीग. त्यातले गोटे पिढ्यान्‌पिढ्या वेचून लोकांनी कडेला रचले आणि उरलेल्या मातीत पेरलं.

घरधनीण छेरिंग डोलमा, पन्नाशीची, गालांवर उन्हानं लाली चढलेली. तिचा नवरा दोर्जे मितभाषी, पण हसरा. मुलगी शिकायला चंडीगडला. पहिल्याच संध्याकाळी डोलमानं मीठ आणि लोणी घातलेला चहा दिला. मी भीतभीत घोट घेतला. वैनीनं कप रिकामा केला, ओठ पुसले आणि मला हळूच म्हणाली, “चहा म्हनून नको पिऊ, कढी म्हनून पे. मंग जाते.” ती युक्ती खरोखरच लागू पडली.

दुसऱ्या दिवशी वैनीनं वरणाचा घाट घातला. उंचीवर पाणी लवकर उकळतं पण त्यात तेवढी धग नसते, हे मी तिला सांगून पाहिलं. पातेलं तास-दीड तास उकळत राहिलं, डाळीचा दाणा काही फुटेना. वैनी पातेल्यावर अशी चिडली की डोलमा भिंतीला टेकून हसत सुटली. शेवटी भाकरी आणि ठेचा यांवर निभावलं. दोर्जेनं ठेच्याचा मोठा घास घेतला, डोळे पुसले, बाहेर जाऊन पाणी प्यायला आणि पुन्हा आत येऊन ताट पुढं केलं.

त्यांच्या घरात एक कोनाडा होता. त्यात बुद्धाची मूर्ती, समोर लोण्याचा दिवा आणि पाण्यानं भरलेल्या वाट्यांची ओळ. सकाळी वैनी आंघोळ करून त्याच्यासमोर बसली आणि घरी म्हणते तशी वंदना म्हणू लागली. डोलमा दारात थबकली. शब्द तिच्या ओळखीचे नव्हते. बुद्धाचं नाव तेवढं ओळखीचं होतं. संपल्यावर तिनं विचारलं, “दीदी, आप भी?”

मी सांगितलं की आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म स्वीकारला, आमच्याही घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. डोलमाला नवल वाटलं. इतक्या दूर, उष्ण मुलखात, काळ्या मातीच्या गावांत आपल्यासारखी माणसं आहेत, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिनं नवऱ्याला हाक मारली, शेजारणीलाही हाक मारली.

“आमी नवे, तुमी जुने,” वैनी त्यांना चक्क वऱ्हाडीत म्हणाली. मी हिंदीत सांगायला लागले, तर डोलमा म्हणाली, “समझ गई.”

बर्फाच्या पायथ्याशी

गावाच्या वर एक नाला आहे, हिमनदीतून निघालेला. त्याच्यातून गावानं पाट काढलेला आहे. तिथं त्याला कूल म्हणतात. ढग पलीकडेच अडत असल्यानं पाऊस जवळजवळ नाही. मटार, बटाटा, जनावरं, माणसं, सगळं त्या एका पाटावर. पाटाचं तोंड पाहून यायची पाळी दोर्जेची होती. तो आणि डोलमा आम्हाला सोबत घेऊन निघाले. आधी नाला ओलांडून हिमनदी पाहायची, मग परत येऊन पाट, असं ठरलं.

सकाळी नाल्याला पाणी थोडं होतं. दगडांवर पाय ठेवत आम्ही पलीकडे गेलो. दोर्जे म्हणाला, ऊन चढलं की पाणी चढतं, दुपारच्या आत परतायला हवं.

“आभायात ढग नाई आन पूर येते?” वैनीला पटेना. आमच्या काटेपूर्णेला पूर येतो तो पावसानं. इथं जितकं ऊन कडक तितकं बर्फ वितळणार आणि तितका नाला फुगणार.

मग चढण लागली. पायाखाली सगळा हिमोढ. मी पुस्तकातली ओळ आठवत होते आणि वैनी एकेक दगड उचलून पाहत होती. आपल्याकडे नदी दगड निवडून ठेवते: मोठे धोंडे वर, गोटे मध्ये, रेती खाली. इथं तसं काही नाही. घराएवढा खडक, मुठीएवढा गोटा आणि पिठासारखी माती एकमेकांत कालवलेली. काळा, तांबूस, चांदीसारखा चमकणारा, पांढऱ्या पट्ट्यांचा, सगळ्या डोंगरांचे दगड एकाच ठिकाणी.

“पानी निवडते,” मी म्हणाले, “बर्फ निवडत नाई. जे सापडलं थे सारं घेऊन येते.” वैनीसोबत असले की माझीही भाषा मालेगावची होते.

एका मोठ्या खडकाच्या पाठीवर समांतर ओरखडे होते, बोटभर लांबीपासून हातभर लांबीपर्यंत. बर्फाच्या तळाशी रुतलेल्या दगडांनी जाता जाता ते ओढलेले. वैनीनं त्यांवरून तळवा फिरवला. “पाट्याले टाकी लावल्यावानी हाये,” ती म्हणाली. मला ते ओरखडे शब्दांत सांगायला उभ्या आयुष्यात इतकी चांगली उपमा सुचली नव्हती.

हिमनदी मात्र कुठं दिसेना. मी पांढरंशुभ्र काहीतरी शोधत होते आणि समोर दगडांचा आणखी एक राखाडी डोंगर. तेवढ्यात माझ्या पायाखालचा गोटा घसरला, त्याच्यामागं थोडी खडी गडगडली, आणि खाली काळसर, काचेसारखं, ओलं काहीतरी चमकलं. मी वाकून हात लावला. बर्फ! आम्ही मघापासून हिमनदीवरच चालत होतो. तिनं अंगावर इतके दगड पांघरले होते की ती दिसतच नव्हती. कान लावला तर आत कुठंतरी पाणी वाहत होतं.

मी तिथंच खाली बसले. हात बर्फावरच ठेवला. इतकी वर्षं जिचं नाव घेऊन पोरांना गुण दिले, ती हाताखाली होती आणि हात बधिर होत होता. वैनीही बसली. तिनं बर्फाला बोट लावून कपाळाला लावलं.

हिमनदीच्या तोंडातून पाणी बाहेर पडत होतं, दुधात राख कालवल्यासारखं. बर्फानं दळलेलं खडकाचं पीठ त्यात मिसळलेलं असतं. हेच पाणी शेतात जातं आणि तो बारीक गाळ तिथं बसतो. दोर्जेनं खालच्या एका दगडांच्या लांबट उंचवट्याकडे बोट दाखवलं. त्याचे वडील लहान होते तेव्हा बर्फ तिथपर्यंत होता. तिथून आम्ही उभे होतो तिथवर चांगलीच चढण होती. “हर साल थोड़ा ऊपर,” तो म्हणाला.

नाला

परतलो तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. नाला दिसण्याआधी ऐकू आला. पाण्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, गडगड, गडगड, आणि तो कानांपेक्षा तळपायांना जास्त कळत होता. पाण्याच्या पोटातून धोंडे चालले होते. सकाळचे पाय ठेवायचे दगड कुठंच नव्हते.

दोर्जेनं काठी घालून पाहिलं. थोडं खाली नाला पसरट झाला होता, तिथून जमेल असं त्याला वाटलं. डोलमानं कमरेची दोरी सोडली. ओझं बांधायला तिथल्या बायका नेहमी दोरी बाळगतात. दोर्जे आधी पलीकडे गेला, दोरी एका खडकाला बांधली. मग मी, माझ्यामागं डोलमा, शेवटी वैनी, असं ठरलं.

पाणी मांड्यांपर्यंत होतं आणि इतकं थंड की पाय आपले आहेत की नाहीत ते कळेना. निम्म्यात पोचले असेन. खालून काहीतरी घोट्यावर आदळलं, पाय निसटला आणि दोरी हातातून सुटली. मला आठवतं ते एवढंच की तोंडात वाळू होती आणि आभाळ एकदा खाली गेलं. मग कुणीतरी माझा स्वेटर मानेजवळ घट्ट पकडला. डोलमा होती. एका हातात दोरी, एका हातात मी. पलीकडून दोर्जे पाण्यात उतरला, प्रवाहाच्या खालच्या बाजूला जाऊन त्यानं स्वतःचं अंग माझ्यापुढं घातलं आणि मला डोलमाच्या दिशेनं लोटलं. तसं करताना पाण्यानं त्याला एका धोंड्यावर आपटलं. वैनी कमरेपर्यंत पाण्यात आली होती. तिनं आणि डोलमानं मला ओढून काठावर टाकलं, निघाले होते त्याच काठावर.

दोर्जे रांगत पलीकडे निघाला. उठून उभा राहिला तेव्हा त्याचा उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. दोन्ही काठ एकमेकांकडे पाहत राहिले. ओरडून काही ऐकू जाईना. त्यानं डाव्या हातानं खूण केली, तिथंच थांबा, आणि गावाकडे निघाला.

जवळच एक प्रचंड खडक होता, खाली पोकळ, आणि पोकळीला मेंढपाळांनी दगड रचून भिंत केलेली. आत थोडं सुकं जळणही होतं. वैनीनं माझे ओले कपडे काढले, काठावर राहिलेल्या पिशवीतलं कोरडं लुगडं आणि शाल मला गुंडाळली, आणि माझे पाय उचलून आपल्या पोटाशी धरले.

“वैनी, तुले गार लागीन,” मी म्हणाले.

“चूप बस. तुले काही झालं असतं तं तुह्या नवऱ्याले काय सांगलं असतं म्या? दगड पाहाले गेली आन दगडासंगं वाहून गेली म्हनून?” असं म्हणून तिनं माझे पाय आणखी घट्ट धरले. मग तिनं डोलमाकडे पाहिलं. डोलमा जाळ फुंकत होती, अंगावरचे कपडे तिचेही ओलेच होते. वैनीनं हात लांब करून तिच्या पाठीवरून फिरवला. डोलमानं पिशवीतलं सत्तू गरम पाण्यात कालवून आम्हाला दिलं. दर थोड्या वेळानं ती उठून नाल्यापलीकडे पाहून येत होती.

रात्र गेली. उजाडलं तेव्हा नाला पुन्हा आदल्या सकाळसारखा शहाणा झाला होता आणि पलीकडे गावातली माणसं दोऱ्या आणि फळ्या घेऊन उभी होती. मला त्यांनी पाठीवर घेऊन नाल्यापलीकडे नेलं.

पाट

गावात पोचलो तर पाट कोरडा.

आदल्या दुपारी नाल्यानं पाटाच्या तोंडावर धोंड्यांचा आणि गाळाचा ढीग आणून टाकला होता. बर्फ सोडून जातो ते दगड नाला पुन्हा हलवतो. तिथं जमिनीचं काम अजून चालूच आहे. मटार शेंगा भरायच्या बेतात होता. वैनीनं बांधावरून वाकून एक शेंग दाबून पाहिली. “याच टायमाले पानी लागते,” ती म्हणाली. “आपल्या सोयाबीनचं बी तसंच हाये.”

गावाचा रिवाज असा की पाट फुटला तर प्रत्येक घरातून माणूस जायचा, आणि काम मोठं असेल तर दोन. हे काम मोठं होतं. दोर्जेला केलाँगच्या दवाखान्यात नेऊन आणलं होतं. खांदा निखळला होता, तो बसवून हात गळ्यात बांधला होता. घरातून जायला एकटी डोलमा. संध्याकाळी छपरावर माणसं जमली तेव्हा ती म्हणाली, मी दोघांचं काम करीन. तिच्या अडचणीचं सगळ्यांनाच वाईट वाटत होतं, पण प्रत्येकाचं शेत वाळत होतं.

वैनीनं मला विचारलं, काय चाललंय. मी सांगितलं. ती उठून उभी राहिली.

“त्याहिले सांग, या घरचं दुसरं मानूस मी हावो.”

डोलमानं दोन्ही हात हलवले. पाहुण्या आहात, वय आहे, वर दम लागतो. वैनी ऐकेना. “माह्या नंदेले धरलं तवा तुनं पाहुनी पाह्यली का? तुह्या नवऱ्याचा हात कायच्यानं गेला? माही सारी उमर फावडं मारता मारता गेली. मी काई इथं चहा पेत बसनार नाई.”

मी हिंदीत सांगितलं. सांगता सांगता निम्मं राहिलंच असेल. जमलेल्यांतला सगळ्यांत म्हातारा माणूस वैनीच्या हातांकडे पाहत होता. त्यानं हसून तिच्यापुढं एक फावडं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी आम्हाला मनालीला परतायचं होतं. भाच्याला फोन केला तर तो वैतागला. “आत्या, रिझर्वेशन जाईन! माय काय करून राह्यली तिकडं?”

“पाट काढून राह्यली,” मी म्हणाले.

मग तो म्हणाला, “कोनाचा?”

माझा घोटा सुजला होता, तरी मी काठी टेकत वर गेले आणि सगळ्यांच्या चहाची, जेवणाची बाजू सांभाळली. तिथल्या बायका पाठीवरच्या उंच टोपलीतून दगड वाहतात, कपाळावर पट्टा. वैनीनं ती टोपली एकदा घेतली, तोल जाऊन मागच्या मागं बसली, सगळ्या हसल्या, तीही हसली. मग तिनं घमेलं डोक्यावर घेतलं. दहा पावलं चालली की थांबायची, छाती भरून श्वास घ्यायची, पुन्हा चालायची. तिच्या थांबण्याला कुणी काही म्हणत नव्हतं. डोलमा तिच्या पुढं-मागं राहून काम करत होती.

तोंडावर आलेला एक धोंडा पहारींनी हलेना. शेवटी त्याला तिथंच ठेवून पाट त्याच्या बगलेतून वळवायचं ठरलं. माणसांनी हिमोढातलेच दगड रचून नवी भिंत केली, फटींमध्ये गवताची ढेकळं आणि चिकणमाती ठोकली. पहिला दिवस त्यातच गेला. दुसऱ्या दिवशी ऊन चढलं, नाला फुगला, आणि सगळेजण हातातलं काम सोडून भिंतीकडे पाहत उभे राहिले. भिंत टिकली. म्हाताऱ्यानं पाटाच्या तोंडावर पाणी अडवून धरणारी आडवी फळी काढली.

पाटात पाणी शिरलं. पुढं फेस, काड्या, वाळलेली पानं ढकलत ते निघालं आणि त्याच्यासोबत सगळी बायामाणसं काठाकाठानं चालू लागली. कुठं गळती दिसली की कुणीतरी वाकून मूठभर माती दाबायची. वैनी चपला हातात घेऊन पाण्याच्या तोंडाबरोबर चालत होती, अगदी त्याच्या चालीनं. मी मागं पडले होते. गावात पोचले तेव्हा डोलमाच्या शेताची पाळी आली होती.

डोलमानं बांधाचं दार उघडायला फावडं उचललं, थांबली, आणि ते वैनीच्या हातात दिलं. तिथं हा मान घरच्या मोठ्या बाईचा असतो, असं शेजारणीनं मला सांगितलं. वैनीनं पदर खोचला, मातीचा आडवा बांध दोन फटक्यांत फोडला. राखाडी, दुधाळ पाणी मटाराच्या ओळींमध्ये शिरलं आणि सुकलेल्या जमिनीतून बुडबुड्यांचा आवाज आला. वैनी फावड्यावर भार टाकून पाहत राहिली.

“किती लांबून आलं वं हे,” ती हळूच म्हणाली. “आन काई न मांगता आलं.”

त्यानंतर

निघताना डोलमानं आमच्या गळ्यात पांढरी रेशमी वस्त्रं घातली. वैनीनं उरलेलं सगळं ज्वारीचं पीठ तिच्या डब्यात ओतलं. दोर्जेनं डावा हात पुढं केला, तर वैनीनं तो दोन्ही हातांत धरून ठेवला. जीपचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला.

मी परत आल्यावर लोकांना फोटो दाखवते, हिमोढ म्हणजे काय ते सांगते. बर्फ डोंगर फोडतो, दळतो, वाहून आणतो आणि टाकतो; मग कुणीतरी त्यातले गोटे वेचून शेत करतं. हे सगळं मी आता फळा न वापरता सांगू शकते. पण सांगता सांगता माझा हात नकळत मानेमागं जातो, डोलमानं स्वेटर धरला होता तिथं. मी जिवंत आहे ही गोष्ट मी पूर्वी गृहीत धरायची. आता सकाळी उठल्यावर ती आठवते आणि बरं वाटतं.

परवा पौषातल्या उन्हात वैनीच्या शेतात हरभऱ्याचे शेंडे खुडत होतो. डोलमाचा फोन आला. मटार चांगला गेला होता, हे आधीच कळलं होतं. आता तिकडं बर्फ पडत होता, कालपासून सारखा. मी फोन वैनीच्या कानाला लावला. तिचे हात हिरवे, आंबट झाले होते.

“दोर्जे कैसा है? हाथ उठता क्या?” तिनं ओरडून विचारलं.

“छत पर है, दीदी, बर्फ हटा रहा है,” डोलमा सांगत होती. “इस बार बहुत गिर रही है। दरवाज़ा भी नहीं खुल रहा था।”

वैनीनं मान वर केली. आमच्या शेतावर आभाळ स्वच्छ होतं, ढगाचा ठिपका नव्हता.

“पडू दे, माय,” ती फोनमध्ये म्हणाली. “लय पडू दे.”